शोधसूचीची चाळीस वर्षे: लिनक्स संगणक मध्येच मंद का होतो?



संगणक नुकताच सुरू केला आहे. तुम्ही एकही प्रोग्रॅम उघडलेला नाही. तरी पंखा जोरात फिरतो आहे, हार्ड डिस्कचा दिवा विझत नाही, आणि ब्राउझर उघडायला मिनिटभर लागतो. वर्गातला एखादा जाणकार मित्र सांगतो, 'ते इंडेक्सिंग चालू असेल, बंद करून टाक.' तुम्ही त्याने सांगितलेली आज्ञा टंकता आणि संगणक शांत होतो. पुढे परीक्षेच्या तोंडावर 'नेटवर्क्सच्या तिसऱ्या युनिटचे टिपण कुठे ठेवले?' असा प्रश्न पडतो. तेव्हा शोधाच्या चौकटीत शब्द टाकूनही काही सापडत नाही, कारण शोध ज्या सूचीवर चालतो तीच तुम्ही बंद केलेली असते.

हे भांडण नवे नाही. लिनक्सच्या जगात ते अनेकदा झाले आणि प्रत्येक वेळी जवळजवळ त्याच क्रमाने झाले: सूची आली, संगणक मंदावला, लोकांनी ती बंद केली, कुणीतरी नवी सूची लिहिली. तो इतिहास समजला, तर आपल्या संगणकाचे निदान आपल्याला करता येते. या टिपणात इतिहास आधी आणि निदान नंतर आहे, कारण दुसरे पहिल्यातूनच निघते.

एक सूचना: आज्ञांची आणि प्रोग्रॅमांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टंकायची आहेत.

१. सूची म्हणजे आधी केलेले श्रम

मी हे गोमती नगरात बसून लिहितो आहे. गोमतीच्या पलीकडच्या काठावर, कैसरबागेत, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली उभे केलेले संगीत महाविद्यालय आहे. तेव्हा त्याचे नाव मॅरिस कॉलेज होते, आता ते भातखंडे यांच्या नावाने विद्यापीठ आहे. मुंबईचा हा मराठी माणूस वर्षानुवर्षे देशभर हिंडला, निरनिराळ्या घराण्यांच्या गायकांकडून बंदिशी मिळवत गेला, त्या स्वरलिपीत उतरवत गेला. राग त्याने दहा थाटांत मांडले आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' सहा भागांत सिद्ध केली. त्यापूर्वी एखाद्या रागातली बंदिश हवी असेल, तर विद्यार्थ्याला ती जाणणारा उस्ताद शोधत फिरावे लागे. त्यानंतर पुस्तक उघडणे पुरेसे झाले.

शोधसूचीचे अर्थशास्त्र नेमके हेच आहे. शोधणाऱ्याचे श्रम वाचतात, कारण ते दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेले असतात. तुमच्या संगणकावर तो 'दुसरा कुणीतरी' म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा एक प्रोग्रॅम. तो तुमच्याच प्रोसेसरवर, तुमच्याच मेमरीत, तुमचीच डिस्क वापरून हे श्रम करतो. म्हणून सूचीबद्दल विचारायचे प्रश्न तीन: श्रम किती, ते कधी करायचे, आणि कशाकशावर करायचे. पुढचा सगळा इतिहास या तीन प्रश्नांचा आहे.

२. नावांची सूची: १९८३

युनिक्समध्ये फाइल शोधण्याची जुनी आज्ञा म्हणजे 'फाइंड'. तिच्याकडे सूची नसते. प्रत्येक वेळी ती फोल्डरांच्या झाडावरून मुळापासून फांदीच्या टोकापर्यंत फिरते. फाइली थोड्या असताना हे चालते. त्या हजारोंनी वाढल्या की फिरणे महाग पडते.

१९८३ साली जेम्स वुड्स यांनी युनिक्स वापरणाऱ्यांच्या 'लॉगिन' या पत्रिकेत एक छोटा लेख लिहून वेगळा मार्ग मांडला. सगळ्या फाइलींची नावे पूर्ण मार्गासकट एकदाच गोळा करायची, वर्णक्रमाने लावायची आणि दाबून साठवायची. शोध या यादीतच करायचा, डिस्कवर फिरायचे नाही.

दाबण्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. वर्णक्रमाने लावलेल्या यादीत शेजारच्या नावांची सुरुवात बहुधा सारखी असते. 'होम/समीर/टिपणे/युनिट-१' यानंतर 'होम/समीर/टिपणे/युनिट-२' येते. दुसरे नाव पूर्ण लिहायची गरजच नाही. 'आधीच्यासारखीच इतकी अक्षरे, मग २' एवढे पुरते. यातूनच 'लोकेट' ही आज्ञा आली, आणि तिची यादी बनवणारा 'अपडेटडीबी' हा प्रोग्रॅम आला. यादी रात्री बनवायची आणि दिवसभर वापरायची, अशी ही व्यवस्था.

इथे 'कधी' या प्रश्नाचे उत्तर ठरले: रात्री. विद्यापीठातला मोठा संगणक रात्रंदिवस चालू असे आणि पहाटे त्यावर कुणी काम करत नसे, तेव्हा हे उत्तर बरोबर होते. पुढे युनिक्सचा वारसा लिनक्सच्या रूपाने घराघरांतल्या पीसीवर आला. रात्री बंद होणाऱ्या संगणकावर रात्रीचे काम कधी करायचे? त्यासाठी 'अ‍ॅनाक्रॉन' हा प्रोग्रॅम आला. चुकलेले काम तो संगणक सुरू झाल्यावर थोड्या वेळाने उरकतो. म्हणजे मध्यरात्रीसाठी नेमलेले काम सकाळी, नेमके तुम्ही कामाला बसता तेव्हा सुरू होते. वीज गेली म्हणून रात्री संगणक बंद पडला, तरी परिणाम तोच. तीस संगणकांची प्रयोगशाळा सकाळी एकदम सुरू केली, तर तीसही ठिकाणी हे काम साधारण एकाच सुमारास निघते.

३. एका फाइलीची किंमत किती?

पुढे जाण्याआधी एक हिशेब करू. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. हेड योग्य पट्ट्यावर नेण्यासाठी साधारण ९ मिलिसेकंद धरा. एका विखुरलेल्या वाचनाला झाले सुमारे १३ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला अशी वाचने जेमतेम ७५.

तुमच्या होम फोल्डरात २ लाख फाइली आहेत आणि प्रत्येकीसाठी असे एकच वाचन लागते असे समजा. एकूण वेळ २,६०० सेकंद, म्हणजे सुमारे ४३ मिनिटे. या ४३ मिनिटांत तुमचा ब्राउझरही त्याच हेडसाठी रांगेत उभा असतो. एसएसडीवर एका वाचनाला ०.१ मिलिसेकंद धरला, तर हेच काम २० सेकंदांत होते. एकाच प्रोग्रॅमची एकाने तक्रार करावी आणि दुसऱ्याला तो चालू असल्याचे कळूही नये, याचे मोठे कारण हा फरक आहे. म्हणून 'लिनक्स मंद आहे' असे म्हणण्याआधी आपली डिस्क कोणती ते पाहावे.

२ लाख फाइली कुठून येतात, असे वाटेल. जावास्क्रिप्टच्या एका प्रोजेक्टमधला 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर सहज हजारो फाइली आणतो. पायथनची दोन-तीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट्स आणि मशीन लर्निंगसाठी उतरवलेला, एकेका छोट्या फाइलीत एकेक नमुना असलेला डेटासेट यांची भर घाला. तुम्ही स्वतः लिहिलेल्या फाइली यांत शंभरसुद्धा नसतात.

४. सकाळच्या आळसाचा वाद: २००७

अपडेटडीबीचा आणखी एक परिणाम होता. डिस्कवरून वाचलेली माहिती कर्नल मेमरीत जपून ठेवतो, म्हणजे पुन्हा लागली तर डिस्कपर्यंत जावे लागू नये. अपडेटडीबी सगळ्या फोल्डरांवरून फिरला की मेमरी त्याने पाहिलेल्या नोंदींनी भरते, आणि तुमच्या उघड्या प्रोग्रॅमांची पाने स्वॅपमध्ये ढकलली जाऊ शकतात. रात्री काम संपते. सकाळी तुम्ही ब्राउझरच्या खिडकीवर क्लिक करता आणि तो डिस्कवरून पान पान परत आणत बसतो. सूची बनवण्याचे काम संपल्यावरही संगणक मंद वाटतो तो असा.

कॉन कोलिवास हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ. कर्नलवर ते हौसेने काम करत. त्यांनी 'स्वॅप प्रीफेच' नावाचा बदल लिहिला: मेमरी मोकळी झाली की स्वॅपमध्ये गेलेली पाने मागण्याआधीच परत आणून ठेवायची. २००७ मध्ये कर्नलच्या विकासकांत यावर मोठा वाद झाला, आणि त्यात अपडेटडीबीनंतरच्या सकाळचे उदाहरण पुन्हा पुन्हा आले. एक बाजू म्हणे की माझा संगणक सकाळी चटकन चालू लागतो, मला हा बदल हवा. दुसरी बाजू विचारे की मूळ दोष कुठे आहे ते आधी दाखवा, नाहीतर आपण लक्षणावर औषध देतो आहोत. तो बदल कर्नलमध्ये घेतला गेला नाही, आणि कोलिवास त्याच वर्षी कर्नलच्या कामातून बाजूला झाले.

तुमच्यासाठी यात धडा आहे. दोन्ही बाजूंचे काही ना काही खरे होते. वापरणाऱ्याला जाणवणारा त्रास हा पुरावाच असतो, पण तो दोषाची जागा सांगत नाही. जागा मोजून शोधावी लागते.

दरम्यान अपडेटडीबीलाच शहाणे करण्याचे काम चालू होते. रेड हॅटमधल्या मिलोस्लाव्ह त्रमाच यांच्या 'एमलोकेट'ने साधी गोष्ट केली: फोल्डर बदललेला नसेल, तर त्याची जुनी नोंद तशीच उचलायची, तो पुन्हा वाचायचा नाही. २०२० मध्ये स्टाइनार गुंडरसन यांचे 'प्लोकेट' आले. त्यात तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांची सूची असते, त्यामुळे शोध फार वेगाने होतो. त्याचे रोजचे काम दिवसातल्या विखुरलेल्या वेळी निघते आणि डिस्कसाठी सर्वांत शेवटी रांगेत उभे राहते.

५. नावाकडून मजकुराकडे: बीगल आणि ट्रॅकर

२००४ च्या ऑक्टोबरात गूगल डेस्कटॉप आले, २००५ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅपलचे स्पॉटलाइट. आता फाइलीचे नाव पुरेसे नव्हते. आतला मजकूर, ईमेल, गाण्याचा गायक, छायाचित्राची तारीख, हे सगळे शोधता यावे ही अपेक्षा झाली. त्यासाठी पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची लागते: प्रत्येक शब्द, आणि तो कोणत्या फाइलींत आहे त्यांची यादी. ती बनवायला फाइल उघडावी लागते, तिचा प्रकार ओळखावा लागतो, पीडीएफ असेल तर अक्षरे बाहेर काढावी लागतात. नावांच्या सूचीपेक्षा हे श्रम कैक पट अधिक.

लिनक्सवर या वाटेने आधी निघाला तो 'बीगल'. नॅट फ्रीडमन यांच्या 'डॅशबोर्ड' या कल्पनेतून तो निघाला, मोनोवर सी शार्पमध्ये लिहिला गेला, आणि सुसे लिनक्सबरोबर अनेकांच्या संगणकांवर पोचला. बीगल ही शिकारी कुत्र्याची जात. फाइली वाचताना तो मुद्दाम थांबत थांबत चाले. हे थांबणे काढून टाकायचे असेल, तर 'कुत्र्याला व्यायाम द्या' अशा अर्थाचे एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल होते. विनोद चांगला होता, पण ५१२ एमबी मेमरीच्या संगणकावर हा कुत्रा न सांगताही पुष्कळ धावे. मेमरी खातो, डिस्क थांबत नाही अशा तक्रारी वाढल्या, आणि त्या दशकाच्या अखेरीस त्याचा विकास थांबला.

'ट्रॅकर' जेमी मॅक्रॅकन यांनी सी भाषेत लिहिला, हलका असावा म्हणूनच. ऑक्टोबर २००७ मधल्या उबुंटू ७.१० मध्ये तो सुरुवातीपासून चालू स्थितीत आला. लाखो लोकांनी पहिल्यांदा संगणक सुरू केला आणि त्यांची सगळी फाइल-संपत्ती एकाच बैठकीत वाचली जाऊ लागली. पुढच्याच आवृत्तीत, एप्रिल २००८ च्या ८.०४ मध्ये, तो मुळात बंद ठेवण्यात आला. पण गोष्ट इथे संपत नाही. २००९ मध्ये नोकियाच्या एन९०० या फोनमध्ये हाच ट्रॅकर होता, आणि त्या फोनची मेमरी होती २५६ एमबी. फोनवर फाइली कुठे असणार आणि कोणत्या प्रकारच्या असणार हे ठरलेले होते. म्हणजे अडचण सूचीच्या कल्पनेत नव्हती, ती अमर्याद क्षेत्रात होती. ग्नोमने पुढे हाच मार्ग धरला: डॉक्युमेंट्स, म्युझिक, पिक्चर्स, व्हिडिओज अशी ठरावीक फोल्डरे खोलवर वाचायची, होम फोल्डर फक्त वरवर पाहायचा. २०२४ च्या ग्नोम ४७ पासून ट्रॅकरच्या फाइल वाचणाऱ्या भागाचे नाव 'लोकलसर्च' झाले आहे.

या प्रोग्रॅमांना कर्नलचीही मदत मिळाली. ऑगस्ट २००५ च्या २.६.१३ या आवृत्तीत 'आयनोटिफाय' आले. कुठली फाइल बदलली हे कर्नल आपणहून कळवू लागला, त्यामुळे सगळे पुन्हा पुन्हा फिरून पाहण्याची गरज उरली नाही. त्याच आवृत्तीत डिस्कच्या रांगेत अग्रक्रम ठरवण्याची सोय झाली. 'दुसरे कुणी मागत नसेल तेव्हाच मला द्या' असे आता एखादा प्रोग्रॅम म्हणू शकत होता.

दोन्हींना मर्यादा होत्या, आणि त्या अजूनही भोवतात. आयनोटिफाय प्रत्येक फोल्डरासाठी वेगळा पहारा मागते. एका वापरकर्त्यामागे असे ८,१९२ पहारे ही मर्यादा बरीच वर्षे होती. कर्नल ५.११ पासून ती मेमरीच्या प्रमाणात ठरते. आणि अग्रक्रमाचा मान डिस्कचा शेड्युलर ठेवत असेल तरच. जुना सीएफक्यू ठेवी, आजचा बीएफक्यू ठेवतो, 'नन' ठेवत नाही. सीएफक्यू कर्नल ५.० मध्ये, २०१९ साली, काढून टाकण्यात आला. त्यामुळे 'मी शेवटी उभा राहतो' असे प्रोग्रॅमने म्हटले, तरी रांग लावणाराच नसेल तर त्याला अर्थ राहत नाही.

६. नेपोमुककडून बलूकडे

केडीईच्या बाजूची कथा अधिक महत्त्वाकांक्षी आहे. युरोपीय संघाच्या मदतीने २००६ ते २००८ या काळात नेपोमुक हा संशोधन प्रकल्प चालला. स्वप्न असे: संगणकाला केवळ शब्द नव्हे, संबंध कळावेत. ही फाइल अमक्याने पाठवली, तो अमक्या प्रकल्पात आहे, त्या प्रकल्पाची बैठक परवा आहे. जानेवारी २००८ च्या केडीई ४ मध्ये हे आले. संबंध साठवायला पुढे व्हर्चुओसो हा पूर्ण आकाराचा डेटाबेस वापरला गेला. ज्यांना फक्त एक पीडीएफ शोधायची होती, त्यांच्या संगणकावर व्हर्चुओसोची प्रक्रिया प्रोसेसर व्यापून बसलेली दिसू लागली. संशोधनाला लागणारी ताकद आणि विद्यार्थ्याच्या गरजेला लागणारी ताकद यांत अंतर होते.

२०१४ च्या एप्रिलमध्ये नेपोमुकच्या जागी 'बलू' आला. त्यामागचा मुख्य विकासक विशेष हांडा हा भारतीय तरुण. त्याने आधी नेपोमुकच सांभाळले होते आणि त्याचा भार जवळून पाहिला होता. बलूने संबंधांचे स्वप्न बाजूला ठेवले आणि शोधापुरती सूची ठेवली. तरी पहिल्या आवृत्तीवर रोष झालाच, कारण ती बंद करण्याचे सरळ बटण नव्हते. आख्खा होम फोल्डर वगळलेल्या यादीत टाकणे हीच वाट होती. पर्याय नंतर आला. सूची पूर्वीपेक्षा हलकी होती, पण लोकांचा राग केवळ वेगावर नव्हता. आपल्या संगणकावर काय चालावे हे आपण ठरवायचे, या हक्काचा तो प्रश्न होता.

बलूच्या इतिहासातल्या दोन गोष्टी निदानासाठी लक्षात ठेवा. पहिली: 'टॉप'मध्ये त्याची आभासी मेमरी २५६ जीबी दिसते आणि विद्यार्थी घाबरतात. बलूचा डेटाबेस फाइल मेमरीच्या पत्त्यांवर अंथरतो. २५६ जीबी ही त्या पत्त्यांची राखून ठेवलेली जागा असते, तेवढी मेमरी खर्च झालेली नसते. पाहायचा तो प्रत्यक्ष वापराचा स्तंभ. दुसरी: बलू फाइल ओळखताना तिचा आयनोड क्रमांक आणि डिस्कचा उपकरण-क्रमांक यांची जोडी वापरत असे. बीटीआरएफएस फाइलप्रणालीवर हा उपकरण-क्रमांक संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतो. मग बलूला सगळ्या फाइली नव्या वाटत आणि तो पहिल्यापासून सुरुवात करी. ओपनसुसे वापरणाऱ्यांना 'रोज सकाळी इंडेक्सिंग' हा अनुभव यायचा तो त्यामुळे. पुढच्या आवृत्त्यांत हे सुधारले आहे. जुनी आवृत्ती वापरत असाल, तर अद्ययावत करणे हाच उपाय.

७. आता तुमचा संगणक

या इतिहासातून निदानाचा क्रम सरळ निघतो.

पहिली पायरी, दोषी कोण ते नावाने ओळखा. 'टॉप' चालवा. प्रोसेसर मोकळा पण 'डब्ल्यूए' हा आकडा मोठा असेल, तर संगणक डिस्कची वाट पाहतो आहे. मग 'आयओटॉप'ने डिस्क कोण वापरतो ते पाहा. 'अपडेटडीबी' हे नावांच्या सूचीचे काम. 'ट्रॅकर मायनर', 'ट्रॅकर एक्स्ट्रॅक्ट' किंवा 'लोकलसर्च' ही ग्नोमची नावे. 'बलू फाइल' आणि 'बलू फाइल एक्स्ट्रॅक्टर' ही केडीईची. यांपैकी एकही वर दिसत नसेल, तर दोष सूचीचा नाही. मेमरी अपुरी पडून स्वॅप चालू असेल, किंवा अद्ययावतीकरण चालू असेल. सूची बंद करून काही साधणार नाही.

दुसरी पायरी, काम संपते का ते पाहा. नवा संगणक, नुकताच उतरवलेला मोठा डेटा किंवा पेन ड्राइव्हवरून आणलेले जुने फोल्डर असेल, तर पहिली फेरी लांब चालणारच. 'बलूसीटीएल स्टेटस' किंवा 'ट्रॅकर३ स्टेटस' या आज्ञा किती काम उरले ते सांगतात. आकडा उतरत असेल, तर रात्रभर संगणक चालू ठेवा आणि सकाळी पाहा.

तिसरी पायरी, काम संपत नसेल तर कुठे अडते ते शोधा. 'बलूसीटीएल मॉनिटर' सध्या वाचली जात असलेली फाइल दाखवतो. एखादी बिघडलेली पीडीएफ, काही जीबींची लॉग फाइल, किंवा सतत बदलत राहणारी फाइल सापडेल. सतत बदलणाऱ्या फाइलीची सूची कधीच पूर्ण होत नाही, कारण ती पूर्ण होते तोवर फाइल पुन्हा बदललेली असते.

चौथी पायरी, वगळा. प्रोजेक्टचे बिल्ड फोल्डर, डेटासेट, व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क प्रतिमा, पायथनची एन्व्हायर्नमेंट्स या ठिकाणी तुम्ही शब्द शोधायला कधी जाणार नाही. केडीईच्या सेटिंग्जमध्ये ती वगळलेल्या यादीत टाका. ग्नोममध्ये सर्च लोकेशन्समधून फोल्डर काढा, किंवा त्या फोल्डरात 'डॉट ट्रॅकरइग्नोर' नावाची रिकामी फाइल ठेवा. अपडेटडीबीसाठी त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलीत 'प्रून पाथ्स' या ओळीत मार्ग लिहा. बहुतेक संगणक याच पायरीवर सुधारतात.

पाचवी पायरी, गरज नसेल तर रीतसर बंद करा. 'बलूसीटीएल डिसेबल' आहे, ग्नोममध्ये सेटिंग आहे. प्रक्रिया 'किल' करून उपयोग नसतो. मागणी आली की सिस्टिम तिला पुन्हा उभी करते, आणि अर्धवट राहिलेली फेरी पुन्हा सुरू होते. बंद केल्यावर डेटाबेसही काढून टाका, नाहीतर तो जागा अडवून बसतो. आणि नावाने शोधण्यासाठी 'लोकेट' तरी राहू द्या.

प्रयोगशाळेत होम फोल्डर एकाच सर्व्हरवरून नेटवर्कने येत असतील, तर मजकुराची सूची बंद ठेवणेच योग्य. चाळीस विद्यार्थ्यांचे चाळीस डेटाबेस एकाच सर्व्हरच्या डिस्कवर एकाच तासाला लिहिले जातात, आणि मंदपणाचे खापर नेटवर्कवर फुटते.

८. देवनागरीचा हिशेब

आपल्यासाठी एक प्रश्न उरतो. सूचीची किंमत सगळे सारखीच मोजतात. पण मराठी किंवा हिंदीत लिहिणाऱ्याला मोबदला सारखा मिळतो का?

पुष्कळदा नाही. पहिले कारण जुने फॉन्ट. उत्तर प्रदेशात कृतिदेव, महाराष्ट्रात शिवाजी किंवा श्री-लिपी यांत टंकलेल्या जुन्या फाइलींत पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. सूची बनवणारा तीच इमानाने नोंदवतो. 'भारत' शोधले तर काही सापडत नाही, आणि तरी श्रम पूर्ण झालेले असतात. दुसरे कारण पीडीएफ. देवनागरी पीडीएफमधून मजकूर बाहेर काढताना वेलांट्या आणि जोडाक्षरे अनेकदा जागा सोडतात.

तिसरे कारण खास मराठी आहे. 'दऱ्या' किंवा 'तऱ्हा' यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून, दुसरा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, पण युनिकोडचे प्रमाणीकरण या दोन रूपांना एक मानत नाही. तुमच्या कीबोर्डने एक रूप लिहिले आणि मित्राच्या कीबोर्डने दुसरे, तर त्याची फाइल तुमच्या शोधात येणार नाही. चौथे, 'घर' शोधणाऱ्याला 'घरात', 'घराला', 'घरांमधून' ही रूपेही हवी असतात. सामान्यरूप न जाणणाऱ्या सूचीला हे चार वेगळे शब्द वाटतात. इंग्रजीतले शब्द मुळाशी नेण्याची सोय शोधयंत्रणांत फार पूर्वीपासून आहे.

लक्षात घ्या, ही उणीव वेगाच्या प्रश्नाहून वेगळी नाही. ज्याला शोधातून फारसे मिळत नाही, तो संगणक जरा मंदावताच सूची बंद करतो. ती बंद केल्यामुळे तिच्यातले देवनागरीचे दोष कुणाच्या नजरेस येत नाहीत, कुणी कळवत नाही, आणि ते तसेच राहतात. हे सगळे प्रकल्प खुले आहेत. नेपोमुकचा भार जाणवलेल्या एका भारतीय विकासकाने त्याच्या जागी नवे लिहिले. मराठीच्या अर्ध्या र बद्दलचा एक नीट लिहिलेला दोष-अहवाल, दोन छोट्या नमुना फाइलींसह, तुमच्यापैकी कुणीही पाठवू शकतो.

सारांश

सूची म्हणजे आधी केलेले श्रम. १९८३ मध्ये ते फक्त नावांपुरते आणि रात्रीचे होते. २००४ नंतर ते मजकुरापर्यंत गेले आणि दिवसा होऊ लागले. बीगल, ट्रॅकर, नेपोमुक यांना विरोध झाला तो मुख्यतः दोन कारणांनी: क्षेत्राला मर्यादा नव्हती, आणि वापरणाऱ्याला विचारले जात नव्हते. टिकलेल्या सूचींनी हे दोन्ही सुधारले. तुमच्या संगणकावरही क्रम तोच ठेवा: ओळखा, थांबा, अडते कुठे ते पाहा, वगळा, आणि अखेरीस गरज नसेल तरच बंद करा.

स्वाध्याय

१. तुमच्या होम फोल्डरात एकूण फाइली किती आहेत ते मोजा. त्यांपैकी तुम्ही स्वतः लिहिलेल्या किती? कोणती तीन फोल्डरे वगळल्यास संख्या सर्वांत जास्त घटते?

२. तुमची डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते असे धरून तिसऱ्या विभागातला हिशेब पुन्हा करा. हेड हलवण्याचा वेळ १२ मिलिसेकंद घ्या.

३. २००७ च्या स्वॅप प्रीफेचच्या वादात तुम्ही कोणत्या बाजूने बोलाल? आपल्या मतासाठी कोणते मोजमाप पुरावा म्हणून द्याल?

४. 'दऱ्या' हा शब्द दोन्ही प्रकारे लिहिलेल्या दोन फाइली बनवा. एका रूपाने शोधल्यावर तुमच्या संगणकावर किती फाइली सापडतात ते नोंदवा, आणि त्यावर दहा ओळींचा दोष-अहवाल लिहा.